दोन तलवारी आणि तांदळाचा पगार : सामुराई एवढ्या मुकाट्याने कसे संपले?

चिंचोके :
मंडळी, महिनाभर जपानच्या तोकुगावा काळाबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. लहानपणापासून सामुराई म्हटलं की चिलखत, दोन तलवारी आणि मरणाला न भिणारा चेहरा एवढंच डोळ्यांपुढे यायचं. वाचत गेलो तसा तो माणूस वेगळाच दिसायला लागला, आणि आता एक प्रश्न पाठ सोडत नाही.

१६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सर्वेसर्वा झाला, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. १६३७-३८ चं शिमाबाराचं बंड सोडलं तर पुढची दोनशेहून जास्त वर्षं देशात मोठं युद्ध नाही. म्हणजे सात-आठ पिढ्या लढवय्ये म्हणून जन्मल्या, कमरेला दोन तलवारी खोचून वावरल्या आणि रणांगण न बघता म्हाताऱ्या झाल्या. काम कचेरीतलं, पगार तांदळात.

आणि शेवट बघा. १८६८ मध्ये शोगुनशाही पडली. १८७१ मध्ये सगळी संस्थानं बरखास्त. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती, म्हणजे शेतकऱ्याच्या पोराच्या हातात बंदूक. १८७६ च्या मार्चमध्ये तलवार लावून फिरायला बंदी, आणि त्याच वर्षी पिढीजात तनखे कायमचे बंद करून हातात सरकारी रोखे. बायकापोरं धरून अठरा-वीस लाख माणसं होती ही. शस्त्रं त्यांच्याकडे, दप्तर त्यांच्याकडे, कायदा त्यांचा. सातशे वर्षांची सत्ता पाच-सहा वर्षांत गेली. १८७७ मध्ये नैऋत्येकडच्या सात्सुमात बंड झालं हे माहीत आहे, पण ते देशाच्या एका कोपऱ्यात. बाकीच्यांनी हे कसं होऊ दिलं? तुम्हाला काय वाटतं?

गिरणगाव :
वाचतोय. प्रश्न जबरदस्त आहे.

सुलेखाताई :
बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. त्यामुळे मला तलवारीच्या आधी खतावणी दिसते.

तिथला सगळा हिशोब 'कोकू'त चालायचा. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, वजनात दीडशे किलोच्या आसपास तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. दहा हजार कोकूंच्या वरचा तो दाइम्यो, म्हणजे संस्थानिक. कागाच्या माएदा घराण्याचं संस्थान दहा लाख कोकूंच्या वरचं. आता दुसरं टोक बघा. एदो शहरातला, म्हणजे आजच्या तोक्योतला, साधा पोलीस शिपाई, दोशिन, त्याचा पगार तीस पोती आणि दोन माणसांचा शिधा. गोळाबेरीज चौदा कोकूंच्या आसपास. घरात सहा तोंडं असतील तर पाच-सहा कोकू पोटातच गेले. उरलेल्यात कपडालत्ता, सरपण, देणीघेणी, नोकर आणि इभ्रत.

हा तांदूळ एदोत आसाकुसाच्या सरकारी कोठारांतून वर्षातून तीनदा मिळायचा, वसंतात पाव, उन्हाळ्यात पाव आणि हिवाळ्यात अर्धा. तिथे रांगेत उभं राहायचं, पोती उचलायची, घरापुरती ठेवून बाकीची बाजारात विकायची, ही दगदग सामुराई करत नसत. ते काम 'फुदासाशी' नावाचे अडते करायचे. १७२४ मध्ये सरकारने अशा १०९ जणांच्या संघाला मान्यता दिली. हाच अडत्या पुढच्या हप्त्याच्या तांदळावर आज पैसे द्यायचा. मग त्याच्या पुढच्या हप्त्यावर. मग मुलाच्या वारशाने येणाऱ्या पगारावर. १७८९ मध्ये सरकारने जुनी कर्जं एका फटक्यात माफ केली, तेव्हा अडत्यांनी काय केलं असेल? नवीन कर्ज द्यायचंच बंद केलं. सामुराई आधीपेक्षा जास्त अडचणीत. कर्जमाफीनंतर पत गोठते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून वाचताना अंगावर काटा आला.

चिंचोके, तनखा बंद झाला असं तुम्ही म्हणता. बऱ्याच घरांत तो केव्हाच सावकाराचा झाला होता.

वाळकी_पानं :
पगार हातात पडायच्या आधीच दुसऱ्याच्या वहीत. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीची आठवण झाली. फरक एवढाच की इथे कोयता आणि तिथे तलवार.

रानभूल :
ताई, हिशोब चोख आहे, पण तो तांदूळ पिकवला कुणी, हे कुठेच आलं नाही.

उत्पन्नाच्या दहा हिश्शांतले चार ते पाच हिस्से सारा. शंभर पोती पिकली की चाळीस-पन्नास किल्ल्याकडे. आणि हा तांदूळ पिकवणारा अनेकदा स्वतः ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्यं खायचा. १७८३ मध्ये आसामा ज्वालामुखी फुटला, आधीच थंडीने पिकं गेली होती, ईशान्येकडे गावंच्या गावं उपाशी मेली. १७८७ मध्ये एदो आणि ओसाकात लोकांनी तांदळाच्या व्यापाऱ्यांची दुकानं फोडली.

अजून मागे जाऊ. १५८८ मध्ये, तोकुगावांच्या आधी देशावर सत्ता असलेल्या हिदेयोशीने फर्मान काढलं की शेतकऱ्याने तलवार, भाला, बंदूक काहीही बाळगायचं नाही. कारण काय दिलं? हे लोखंड क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळे आणि पट्ट्या करायला वापरणार, म्हणजे तुम्हाला या जन्मी आणि पुढच्या जन्मीही पुण्य. आणि हे सांगणारा हिदेयोशी स्वतः कुठून आला? अगदी तळाच्या शेतकरी घरातून. ज्या शिडीने तो वर चढला ती त्याने ओढून घेतली. त्याआधी गावातला माणूस हंगाम संपला की भाला घेऊन लढाईला जायचा, परत येऊन पेरणी करायचा. कोण सामुराई, कोण कुणबी, ही रेघच पुसट होती. ती रेघ हिदेयोशीने मारली आणि तोकुगावांनी ठळक केली.

म्हणून मला त्यांच्या संपण्याचं दुःख तितकंसं होत नाही.

बाणेदार :
धागा चांगला आहे, पण प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. एका लढवय्या परंपरेचं तुम्ही लोकांनी रेशनकार्ड करून टाकलंत. माणसं शब्दासाठी पोट फाडून घेत होती, ते तांदळाच्या पोत्यांसाठी का? सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, गोष्ट घ्या. १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात आको संस्थानच्या आसानोने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली, त्याच दिवशी आसानोला सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट फाडून मरायची शिक्षा झाली, संस्थान खालसा झालं. त्याचे चाकर पावणेदोन वर्षं वाट बघत राहिले, १७०३ च्या जानेवारीत बर्फातून किराच्या वाड्यावर चालून गेले, त्याचं डोकं घेऊन सेंगाकुजी देवळात धन्याच्या समाधीपुढे ठेवलं आणि शांतपणे शिक्षेची वाट बघत बसले. हे कुठल्या खतावणीत बसतं?

खारीक_खोबरं :
@बाणेदार, गोष्ट खरी आहे आणि मलाही ती हलवते. सेंगाकुजीला जाऊन आलेय, तिथे आजही लोक प्रत्येक समाधीपुढे उदबत्ती लावतात, सगळं आवार धुराने भरलेलं असतं. पण आसानोचे चाकर तीनशेच्या आसपास होते. वाड्यावर गेले सत्तेचाळीस. मला नेहमी उरलेल्या अडीचशेंचं वाटतं. त्यांना बायकापोरं होती, म्हातारे आईबाप होते, दुसरीकडे कुठे चाकरी मिळते का हे बघायचं होतं. त्यांच्यावर नाटक कुणी लिहिलं नाही.

आणि सरकारपुढे केवढा पेच पडला होता! धन्यासाठी सूड घेणं हे तर सामुराईचं कर्तव्य म्हणून शिकवलेलं, आणि राजधानीत टोळी करून खून करणं हा गुन्हा. ओग्यू सोराई या विद्वानाचं म्हणणं असं पडलं की त्यांचा हेतू धन्याच्या बाजूने योग्य, पण कायदा सगळ्या देशाचा आहे, तो मोडून चालणार नाही. म्हणून चोरासारखी फाशी नाही, सामुराईचं मरण दिलं. म्हणजे १७०३ मध्येच कायदा इभ्रतीच्या वर बसला होता.

अजून एक. 'सामुराईचा मार्ग म्हणजे मरण' हे ज्या हागाकुरे नावाच्या पुस्तकात येतं, ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो एकाही लढाईत उतरलेला नव्हता. १७०० मध्ये त्याचा धनी वारला. त्याला धन्यामागे मरायचं होतं, पण त्यावर कधीच बंदी आली होती. मग तो संन्यास घेऊन झोपडीत राहिला आणि जुन्या काळाबद्दल बोलत राहिला. मला त्यात ढोंग दिसत नाही, फार मोठी पोकळी दिसते. ज्या कामासाठी जन्म झाला असं सांगितलं गेलं, ते कामच जगात उरलं नव्हतं.

बाणेदार :
पटतंय थोडं. पण 'बुशिदो', म्हणजे सामुराईंचा आचारधर्म, सगळं खोटंच, असं म्हणणार असाल तर नाही.

खारीक_खोबरं :
खोटं नाही म्हणत. पण आज जगभर जो बुशिदो माहीत आहे, तो इनाझो नितोबेने १९०० साली इंग्रजीत लिहून परदेशी वाचकांपुढे मांडला. तलवारबंदी झाली तेव्हा हे सामुराईघरचं पोर तेरा वर्षांचं होतं. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं, गमावलेलं आणि पाश्चात्त्यांना समजेल असं, सगळं त्यात एकत्र आहे.

निप्पोनची_सून :
नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं जपानात आहे. गेल्या डिसेंबरात कानाझावाला गेलो होतो, म्हणजे सुलेखाताईंनी म्हटलेलं तेच माएदांचं कागा. तिथे नागामाची नावाचा सामुराईंचा जुना मोहल्ला आहे. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना पिवळसर मातीच्या भिंती, आणि बर्फाने माती फुगून पडू नये म्हणून हिवाळ्यात त्या भिंतींवर गवताच्या चटया बांधतात. माणसाला घोंगडी पांघरावी तशी भिंतीला. हात लावून बघितलं, चटई ओली आणि आत माती कोरडी.

तिथेच आशिगारूंची दोन घरं जपून ठेवली आहेत. आशिगारू म्हणजे पायदळ, सामुराईंतली अगदी खालची पायरी. छत लाकडी फळ्यांचं, त्या उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. परसात भाजी आणि फळझाडं. माझ्या सासूबाई बरोबर होत्या, त्या म्हणाल्या, अगं हे तर आपल्या आत्याच्या चाळीतल्या दोन खोल्या.

याच कागा संस्थानात इनोयामा नावाचं हिशोबनीसांचं घराणं होतं. त्यांच्या घरखर्चाच्या वह्या आजच्या काळात तोक्योच्या कांदामध्ये एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात इसोदा मिचिफुमी या इतिहासकाराच्या हाती लागल्या. १८४२ च्या सुमारास या घरावर वर्षाच्या मिळकतीच्या दुप्पट कर्ज होतं. त्यांनी काय केलं, तर घरातली भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं विकली आणि त्यानंतर दाण्यादाण्याचा हिशोब ठेवला. लेकराच्या एका मंगलकार्यात ताई मासा लागतो, 'मेदेताई' म्हणजे मंगल, त्यावरून तो शुभ. परवडेना, म्हणून पाहुण्यांपुढे माशाचं चित्र काढून ठेवलं. तेही वहीत टिपून ठेवलंय.

आणि पैसा जायचा कुठे? पोटात नाही. नातेवाइकांचे आहेर, देवळाची दक्षिणा, सणवार, बाहेर पडताना मागे चालणारा नोकर. दर्जा टिकवायचा खर्च. तो कमी केला की माणूस सामुराई राहत नाही आणि केला की जगत नाही.

गिरणगाव :
मासा म्हणजे ताई आणि पुस्तकांची पेठ म्हणजे कांदा! सुलेखाताई, तुमच्या नावाने जपानात मंगलकार्यं होतात बरं का.

सुलेखाताई :
हो, पण चित्रातली ताई! @निप्पोनची_सून, त्या वह्यांबद्दल अजून लिहा ना. असा हिशोब ठेवणारा कर्जदार मला नोकरीत दोन-तीनदाच भेटला असेल.

घाटपायथा :
जपानीत म्हण आहे ना, 'सामुराई जेवला नसला तरी दातात काडी घालून फिरतो'. आपल्याकडे मिशीला तूप लावून बाहेर पडायचे तसंच हुबेहूब.

पोटासाठी जोडधंदे पण भरपूर. एदोत आओयामा भागातले छोटे सामुराई छत्र्या बनवायचे, ओकुबोतले अझालियाची रोपं लावायचे, ओकाचीमाचीतले आसागाओची, म्हणजे आपल्याकडच्या गारवेलीसारखी फुलवेल. कुणी सोनेरी मासे पाळायचे, कुणी कंदील चिकटवायचे. ओकुबोत अजूनही अझालियाचं कौतुक आहे म्हणतात.

निप्पोनची_सून :
हो आहे! शिन-ओकुबो स्टेशनजवळच्या भागाचं नाव आजही ह्याकुनिनचो, म्हणजे शंभर माणसांचा मोहल्ला. ते शंभर बंदूकधारी सामुराई. आता तिथे कोरियन दुकानं आहेत आणि आमचा मसाल्याचा दुकानदार पण तिथलाच.

साधा_माणूस :
सगळं वाचलं. चर्चा फार चांगली चालू आहे, पण एक जण अजून धाग्याच्या बाहेरच उभा आहे.

सामुराईच्या चिलखतात चामडं लागतं, घोड्याच्या खोगिराला लागतं, ढोलाला लागतं. हे चामडं कमावणारे लोक 'एता' म्हणून गावकुसाबाहेर. त्यांच्या खालोखाल 'हिनिन', शब्दाचा अर्थच 'माणूस नसलेले'. मेलेली जनावरं ओढायची, गुन्हेगारांना शिक्षा द्यायची, ही कामं यांच्याकडे. एदोत आसाकुसाजवळ दान्झाएमोन हे या लोकांच्या प्रमुखाचं पिढीजात नाव. सत्तेने एकीकडे त्यांच्याकडून चामडं घ्यायचं आणि दुसरीकडे त्यांना शिवायचं नाही. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद रद्द केला, पण १८७३ मध्ये मिमासाका भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा त्यांनी सारा आणि भरतीबरोबरच या मुक्तीविरुद्धही राग काढला. या लोकांची घरं जाळली, माणसं मारली.

रानभूलजी, शेतकऱ्याच्या बाजूने तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं. पण त्याच्याही खाली कुणीतरी होतं आणि तिथे तो शेतकरी सामुराईसारखाच वागला. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे हे जपानी शब्द माहीत असायची गरज नव्हती.

रानभूल :
तुमचं खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं. धन्यवाद.

मीरा_कु :
बायकांचं पण लिहिते, कारण 'सामुराई संपले' म्हणताना घरातली निम्मी माणसं मोजायची राहतात.

१८६८ मध्ये शोगुनच्या बाजूच्या आइझू संस्थानातल्या लढाईत नाकानो ताकेको नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, घेऊन लढली आणि गोळी लागून गेली. वय वीस-बावीस. यामामोतो याएको किल्ल्यात स्पेन्सर रायफल चालवत होती, ती पुढे क्योतोत दोशिशा शाळेच्या उभारणीत नवऱ्याच्या बरोबरीने राहिली.

पण मला जास्त जवळची वाटते ती वादा एइ, मात्सुशिरोच्या सामुराईची मुलगी. १८७२ मध्ये सरकारने तोमिओकाला फ्रेंच यंत्रं लावून रेशमाची गिरणी काढली. मुली येईनात, कारण गोरे लोक तांबडी दारू पितात ती माणसाच्या रक्ताची, अशी आवई उठली होती. गिरणीचे व्यवस्थापक ओदाका यांनी मग आपल्याच मुलीला पहिली कामगार म्हणून आणलं. पुढच्या वर्षी एइ आणि तिच्याबरोबरच्या मुली मात्सुशिरोहून गेल्या. कोषातून धागा उकलायला शिकल्या, परत येऊन गावातल्या गिरणीत इतरांना शिकवलं. बापाची तलवार फळीवर गेली आणि पोरीच्या हातात रेशीम आलं. हे काम तिने कमीपणाचं मानलं नाही, ती आठवणींत अभिमानाने लिहिते.

बाणेदार :
हे माहीत नव्हतं. सुंदर.

चिंचोके :
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे हो! गरीब होते, कर्जात होते, मान्य. कर्जबाजारी माणूस बंड करत नाही असं थोडंच आहे? उलट तोच आधी करतो.

विहिणीचा_डबा :
मला वाटतं यांच्यात 'आपण सगळे सामुराई' असं काही नव्हतंच.

फुकुझावा युकिची, ज्याचा चेहरा परवापरवापर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर होता, तो नाकात्सू संस्थानातल्या खालच्या सामुराई घरचा. तो लिहितो की वरच्या आणि खालच्या सामुराईंत लग्नं होत नसत, भाषासुद्धा वेगळी. आशिगारूने पावसात रस्त्यावर वरच्या सामुराईला पाहिलं तर पायातलं काढून चिखलात लोटांगण घालायचं. वडील हुशार होते, पण जन्मभर हलक्या हुद्द्यावर राहिले. 'ही घराण्यांची व्यवस्था माझ्या बापाची वैरी आहे', असं त्याने लिहून ठेवलंय.

एक प्रसंग तर डोळ्यांसमोरून हलत नाही. खालच्या सामुराईंना बाजारहाट स्वतः करावी लागे, नोकर कुठला ठेवणार? पण तेल-सोया सॉस आणायला जायची लाज, म्हणून ते रात्री डोक्याला फडकं गुंडाळून जायचे. पोरवयातला युकिची भरदिवसा, उघड्या तोंडाने, कमरेला दोन तलवारी आणि हातात बाटली लटकवून दुकानात जायचा. स्वतःच्या पैशाने घेतोय, लाज कसली?

आता सांगा, ही व्यवस्था वाचवायला हा माणूस तलवार उपसेल? ज्यांनी १८६८ मध्ये शोगुनशाही पाडली त्यांतले बरेच जण असेच खालच्या पायरीवरचे होते. सात्सुमाचे साइगो ताकामोरी आणि ओकुबो तोशिमिची, शिवाय इतो हिरोबुमी. व्यवस्था बाहेरून नाही मोडली, आतल्यांनी मोडली.

खारीक_खोबरं :
+१. आणि दर्जाही तितका पवित्र नव्हता. शोगुनचा अधिकारी कात्सु काइशू, त्याचा पणजोबा आंधळा सावकार होता, त्याने पैसे मोजून मुलासाठी सामुराईचा दर्जा विकत घेतला. शोगुनशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या साकामोतो र्योमाचं घराणं दारू गाळणारे व्यापारी, त्यांनीही तसाच घेतला. आणि त्याच काइशूने १८६८ मध्ये साइगोशी बोलणी करून एदोचा किल्ला लढाईशिवाय सोपवला. सावकाराच्या पणतूमुळे दहा लाखांचं शहर जळायचं वाचलं.

वाळकी_पानं :
मला एक सुचतंय, चुकलं तर सांगा. आपल्याकडे वतनदार जमिनीला चिकटून असायचा. सरकार बदलो, बादशहा बदलो, वतन सोडायचं नाही, त्यासाठी भाऊबंदकीत डोकी फुटायची. शिलेदार पावसाळ्यात गावी येऊन शेती बघायचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचा. त्याचे पाय मातीत होते.

वरचं सगळं वाचून असं दिसतं की जपानात सामुराईला गावातून उपटून किल्ल्याच्या शहरात आणून बसवलं. जमीन नाही, गाव नाही, कुळं नाहीत. आहे ते कोठारातल्या वहीत नाव आणि त्यापुढे कोकूंचा आकडा. मग ज्याच्या हातात वही, त्याने एक रेघ मारली की माणूस संपला. तो लढेल कशाच्या जोरावर? कुठल्या गडीत जाऊन बसेल?

चिंचोके :
वाळकी_पानं, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आणि सात्सुमा? तिथेच का मोठं बंड झालं?

वाळकी_पानं :
तेच शोधायला बसलो. सात्सुमात सामुराई लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याएवढे होते, बाकी देशात पाच-सहा टक्के. एवढ्या सगळ्यांना शहरात ठेवून पोसणार कोण? म्हणून त्यांतले बरेचसे गावोगाव राहायचे, स्वतः शेती करायचे. त्यांना 'गोशी' म्हणत. म्हणजे जिथे पाय मातीत राहिले तिथेच तलवार शेवटपर्यंत हातात राहिली!

खारीक_खोबरं :
मुद्दा फार चांगला आहे. फक्त एवढं जोडते की बंडाचा गाभा साइगोने कागोशिमात काढलेल्या शाळांतल्या तरुणांचा होता, आणि साइगोचं नाव नसतं तर एवढी माणसं जमली नसती. सागा, कुमामोतो, हागी इथेही १८७४ ते ७६ मध्ये छोटी बंडं झाली, ती लवकरच मोडली.

रानभूल :
आणि १८७७ च्या जानेवारीतलं एक पाऊल बघा. १८७३ च्या नव्या जमीनसाऱ्याविरुद्ध शेतकरी पेटले होते, सारा जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के. सरकारने तो अडीच टक्क्यांवर आणला. लोक म्हणायचे, बांबूच्या भाल्याने टोचलं आणि अडीच टक्के बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात साइगो निघाला. शेतकरी आणि सामुराई एकाच वेळी उठले असते तर सरकार राहिलं असतं का, मला शंका आहे. ते एकत्र येणारच नाहीत याची तजवीज १५८८ पासूनच झालेली होती.

कुमामोतोचा किल्ला पन्नासहून जास्त दिवस लढवला तो बहुतेक भरती झालेल्या शिपायांनी. शेतकऱ्यांच्या पोरांनी. सप्टेंबरात शिरोयामाच्या टेकडीवर साइगो संपला.

बाणेदार :
आणि त्याच लढाईत सरकारच्या बाजूने तलवार घेऊन धावले ते माजी सामुराई पोलीस. त्यांतले कित्येक आइझूचे, ज्यांचं गाव १८६८ मध्ये सात्सुमाच्या फौजांनी जाळलं होतं. हरल्यावर आइझूच्या लोकांना उत्तरेच्या टोकाला, तोनामी नावाच्या नापीक थंड मुलखात पाठवलं. तिथे पिकलं काहीच नाही, माणसं उपाशी मेली. नऊ वर्षांनी 'तेव्हाचा सूड' म्हणत ते सात्सुमाच्या मोर्चांवर तुटून पडले. सामुराईंनी शेवटची तलवार उपसली ती सामुराईंवरच. माझी आधीची काही मतं बदलली हे मान्य करतो, पण हे धैर्य मला कमी वाटत नाही.

सुलेखाताई :
कमी नाहीच ते.

रोख्यांचं राहिलं. तनखा बंद करून जे रोखे दिले, त्यांवर पाच ते सात टक्के व्याज. मोठ्या दाइम्योंना ते पुरलं, त्यांनी बँकांत गुंतवलं. छोट्याच्या वाट्याला वर्षाला जे व्याज आलं त्यात घर चालणं शक्य नव्हतं. मग रोखे विकले, दुकान काढलं, आणि गिऱ्हाइकापुढे मान लवेना म्हणून ते बुडालं. 'सामुराईचा धंदा' ही जपानीत म्हणच झाली. मात्र इनोयामांचा मुलगा अबॅकसमुळे नव्या आरमाराच्या हिशोबखात्यात चढत गेला आणि त्याचा पगार भाऊबंदांच्या कितीतरी पट झाला, हे काल वाचलं. एवढा आनंद झाला मला! त्या पोराने चित्रातला मासा पाहिला होता.

वाळकी_पानं :
कुणाला जमीन मिळाली असेल तर त्यांचं काय झालं?

निप्पोनची_सून :
शिझुओकात माकिनोहारा नावाचं पठार आहे. शोगुनशाही गेली तसे शोगुनचे शरीररक्षक १८६९ मध्ये तिथे गेले. पाणी नाही, खडकाळ माळ, जवळपासच्या गावांनी सोडून दिलेला. तिथे त्यांनी चहा लावला. चहाला तोडणीपर्यंत चार-पाच वर्षं जातात, त्यात बरेच जण माळ सोडून गेले. जे राहिले त्यांचा चहा योकोहामाहून अमेरिकेला जायला लागला. आज तिथे नजर पोचेल तिथपर्यंत चहाच्या ओळी आहेत. मे महिन्यात आम्ही पहिल्या तोडणीला जाणार आहोत, शेजारच्या आजींचं माहेर तिथलं. त्यांच्या पणजोबांच्या दोन तलवारींपैकी आखूड घरात आहे, लांब विकून पहिल्या वर्षी रोपं आणि फावडी घेतली असं त्या सांगतात.

चिंचोके :
त्या आजींना विचाराल का, तलवार विकायला कोण गेलं होतं आणि दिवसा गेले होते की रात्री?

निप्पोनची_सून :
विचारते. इथेच लिहीन.